वजनाचं वजन कोण करणार?

दिल्लीच्या खारी बावलीत वेलदोडे तोलणारं वजन खरं की खोटं, हे गिऱ्हाइकाला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. वजनावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. शिक्का मारणाऱ्यांकडे स्वतःची वजनं असतात, ती त्यांच्याहून अचूक वजनांशी ताडलेली असतात, आणि ही साखळी त्याच शहरातल्या पुसा भागात, राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पोचते. १९५० साली सरदार पटेलांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या संस्थेत प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल जपून ठेवला आहे. उंची आणि व्यास सुमारे ३९ मिलिमीटर, क्रमांक ५७. गावागणिक बदलणारे शेर आणि पायल्या मागे पडून दशमान मापं आली, तेव्हापासून देशात कुणाच्या मापात पाप आहे याचा निवाडा शेवटी या मूठभर धातूवर येऊन ठेपत असे.

मग या ५७ क्रमांकाचं वजन कोण करणार?

त्यासाठी तो पॅरिसजवळच्या सेव्र इथे नेऊन तिथल्या प्रमाणांशी ताडला जाई. त्या सर्वांच्या वर होता १८८९ साली स्वीकारलेला मूळ ठोकळा, आणि त्याच्यावर कुणीच नव्हतं. तो जेवढा भरेल तेवढा एक किलोग्रॅम, अशी व्याख्याच होती. शंभर वर्षांत तो आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचं अंतर पडलं. बोटाचा एक ठसा उमटला तर साधारण तेवढीच भर पडते. पण मूळ ठोकळा घटला की प्रती वाढल्या? व्याख्येनुसार मूळ ठोकळा चुकूच शकत नव्हता. विट्गेन्स्टाइननं पॅरिसच्या मीटरपट्टीबद्दल हेच म्हटलं होतं: ती एक मीटर लांब आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही.

हा पेच भारतीय तत्त्वज्ञांना फार जुना. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनानं ‘विग्रहव्यावर्तनी’त न्यायदर्शनाच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना, तो टोकदारपणे घातला. ज्ञानाच्या साधनांनी वस्तू सिद्ध होतात, तर ती साधनं कशानं सिद्ध होतात? दुसऱ्या साधनांनी म्हणाल तर साखळी संपत नाही. आपोआप म्हणाल तर वस्तूही आपोआप सिद्ध का होऊ नयेत? हा आक्षेप शब्दच्छल म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. सेव्रच्या तिजोरीत तो शंभराहून जास्त वर्षं प्रत्यक्ष उभा होता.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातलं उत्तर मात्र थेट बाजारातून आलं आहे. तराजू इतर वस्तू तोलतो, आणि शंका आली तर त्याचीही परीक्षा होते. भाष्यकार वात्स्यायन सोन्याचं उदाहरण घेतो: ज्या सोन्याचं वजन आधी नीट करून घेतलं, तेच सोनं पुढे दुसऱ्या तराजूची पारख करू शकतं. मापणं आणि मापलं जाणं या दोन भूमिका आहेत, आणि एकच वस्तू वेळेनुसार दोन्ही वठवते. साखळीला शेवटची कडी लागतेच असं नाही; जिथे शंका येईल तिथे तपासता आलं म्हणजे पुरे. नागार्जुनाचं तोंड यानं पूर्ण बंद होत नाही, पण जगाचा व्यवहार चालतो तो असाच, आणि त्यात ज्ञानाची काहीही अप्रतिष्ठा नाही.

दिल्लीच्याच जंतरमंतर वेधशाळेत राजा सवाई जयसिंह या वाटेनं गेला. पितळी यंत्रांचे आस झिजतात, यंत्रं हलतात, म्हणून त्यानं १७२४च्या सुमारास दगड-चुन्याची भव्य यंत्रं उभारली. तरीही दिल्लीचे वेध त्यानं अंतिम मानले नाहीत. ते पडताळण्यासाठी जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन इथेही वेधशाळा बांधल्या. एवढा खर्च करून स्वतःच्याच मापावर शंका घेणारा राजा विरळा.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्साय इथे भरलेल्या वजन-मापांच्या परिषदेत वात्स्यायनाच्या सोन्यासारखी भूमिकांची अदलाबदल खरोखर झाली. तोवर प्लँकचा स्थिरांक हे निसर्गातलं न बदलणारं परिमाण किलोग्रॅमच्या आधारे मोजलं जाई. किबल तराजू आणि सिलिकॉनचा गोल अशा दोन स्वतंत्र वाटांनी आकडे पुरेसे जुळल्यावर तो स्थिरांक कायमचा ठरवला गेला, आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅम त्याच्यावरून ठरू लागला. त्या दिवशी सेव्रचा ठोकळा चुकू शकणारी एक साधी वस्तू झाला.

धर्माच्या दृष्टीनं खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. शास्त्रवचन हे माप असेल, तर त्याला कुणी तोलायचं? वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचं म्हणणं, वेद स्वतःच प्रमाण. त्याला बाहेरच्या दाखल्याची गरज नाही. नैयायिकही वेद मानणारेच, पण त्यांनी वेगळी वाट धरली. आयुर्वेदाचं औषध लागू पडतं, म्हणून ते सांगणाऱ्यावर विश्वास बसतो. वेदाचं प्रामाण्यही तसंच, सांगणाऱ्याच्या विश्वासार्हतेवरून. श्रद्धेचा ग्रंथ तराजूत ठेवायला ते कचरले नाहीत, आणि तोलल्यानं तो हलका होईल अशी भीतीही त्यांना वाटली नाही. हे धैर्य आजच्या कित्येक धर्माभिमान्यांत दिसत नाही, याचं वाईट वाटतं. कुमारिल भट्टानं मात्र मीमांसेची बाजू निकरानं लढवली: प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्याचा दाखला लागला, तर पहिलं पाऊलच टाकता येणार नाही. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशानं ‘तत्त्वचिंतामणि’ लिहायला घेतला, तेव्हाही आरंभीच्या प्रकरणांत त्याला हाच वाद पुन्हा सोडवायला घ्यावा लागला.