दाम मिराशीचा, हक्क उपरीचा

दिल्लीतील सरोजिनीनगर, ज्याला जुने रहिवासी पुष्कळ दिवस विनयनगर या पहिल्याच नावाने ओळखीत, ही मुळात केंद्र सरकारच्या नोकरांसाठी वसवलेली वसाहत. बदली होऊन आलेल्या कितीएक मराठी कुटुंबांनी तेथल्या क्वार्टरांत उमेदीची वर्षे काढली, मुलांची शिक्षणे केली, तुळशीची लग्ने लावली, आणि तरीही ते घर आपले नव्हे याविषयी त्यांच्या मनात कधी संदेह नव्हता. अशा सरकारी घरासाठी पगारातून कापली जाणारी रक्कम ‘लायसन्स फी’ म्हणून नोंदली जाते. सेवानिवृत्तीनंतर ठरावीक मुदत मिळते, आणि त्यापुढे राहणाऱ्यास बेकायदा कब्जेदार ठरवून बाहेर काढण्यासाठी १९७१ चा स्वतंत्र कायदाच सिद्ध असतो. या व्यवस्थेत कठोरपणा असेल, कपट मात्र नाही. कारण त्या कारकुनाला कोणी घर विकल्याचा आव आणला नव्हता आणि त्यानेही घराची किंमत मोजली नव्हती.

मालकी आणि मुभा यांतला हा भेद आपल्या मुलखाला जुनाच परिचित आहे. मराठी अमदानीत मिराशी कुळाला जमीन वारसांकडे सोपवता येई, प्रसंगी विकताही येई, आणि या हक्कापायी ते बहुधा चढा सारा सोशी. उपरी कुळ कौलाच्या मुदतीपुरते कसे व मुदत सरली की आपली वाट धरी. कमी हक्काला कमी दाम, हा त्या व्यवहारातील न्याय होता. हा हिशेब उलटा करण्याचे कसब, म्हणजे दाम मिराशीचा घ्यावा आणि हक्क उपरीचा द्यावा ही युक्ती, आपल्या काळातील खेळांच्या ऑनलाइन दुकानांनी साधली.

संगणकावरील खेळ जोवर डिस्कवर मिळत होता तोवर हा प्रश्न उद्भवतच नव्हता. कॅनॉट प्लेसखालच्या पालिका बाजारात डिस्क घ्यावी, खेळून कंटाळा आला की तीच दुकानदाराला देऊन वर थोडे पैसे टाकून दुसरी आणावी, हा व्यवहार (त्या बाजारातील सगळाच माल अस्सल असे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही) कोणाला विचारून करावा लागत नसे. २००३ साली व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने ‘स्टीम’ ही खेळ पुरवणारी ऑनलाइन सेवा सुरू केली, आणि पुढच्याच वर्षी ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ डिस्कवर घेणाऱ्यालाही तो स्टीमच्या खात्यात नोंदवल्यावाचून खेळता येईना. तेव्हापासून डिस्क हे केवळ वेष्टन उरले आणि खरी वस्तू खात्यात गेली. सोय मोठी होती हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१५ पासून स्टीमवर किमती रुपयांत दिसू लागल्या, सवलतींचे हंगाम आले, आणि आपल्याकडच्या तरुणांनीही शेकड्यांनी खेळ ‘विकत’ घेतले. परंतु ते खाते दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही, मृत्युपत्राने मुलाच्या नावे करता येत नाही. सरकारी क्वार्टरात निदान मृत कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला काही मुदत मिळते.

दस्तऐवजावर ‘लायसन्स’ असे लिहिले म्हणजे व्यवहार लायसन्सचा होतो काय, हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे खेळांच्या कितीतरी आधी आला, आणि आला तोही दिल्लीतूनच. इम्पीरियल हॉटेलातील कपडे ठेवण्याच्या खोल्यांत एक गृहस्थ केशकर्तनाचा धंदा करीत. त्यांच्याशी झालेल्या १९४९ च्या करारात लायसन्सचीच भाषा होती. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो करार उलगडून पाहिला आणि बहुमताने ठरवले की शब्द काहीही असोत, व्यवहाराचा आशय भाडेपट्ट्याचा आहे. मुंबईत तर भाडेनियंत्रणातून सुटण्यासाठी मालकांनी लीव्ह अँड लायसन्सची पळवाट इतकी रुंद केली की १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरूच मानावे लागले. सॉफ्टवेअरच्या बाबतीतही, जेव्हा सरकारला कर हवा होता तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात डिस्कवरील तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ ठरवला. आणि २०२१ साली आयकराच्या वादात, करारनाम्यात लायसन्स म्हटले असले तरी त्या व्यवहाराला मालाची विक्रीच मानले. करासाठी जी विक्री आहे ती ग्राहकासाठी मात्र मुभा, हे मला समजून घेता येत नाही.

युरोपातही हा विचार सरळ रेषेत पुढे गेला नाही. २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने उतरवून घेतलेले सॉफ्टवेअर पुन्हा विकता येते असे म्हटले. पण फ्रान्समधील ग्राहकसंघटनेने तोच न्याय स्टीमवरील खेळांसाठी मागितला तेव्हा २०१९ साली मिळालेला जय २०२२ च्या अपिलात गेला आणि २०२४ साली पराजय कायम झाला. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून अमलात आणलेला कायदा एवढेच सांगतो की लायसन्स देत असाल तर तसे स्पष्ट बोला; स्टीमने आधीच पैसे भरण्याच्या जागी तशी ओळ घातली. किमती होत्या त्याच राहिल्या.

याहून आपले १८८२ चे सुविधाधिकारांचे विधान अधिक उदार होते असे म्हणावेसे वाटते. ते स्थावराविषयीचे, हे खरे. त्याच्या ५२ व्या कलमानुसार लायसन्सने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, हेही खरे. परंतु ५६ व्या कलमाने सार्वजनिक करमणुकीच्या जागी जाण्याची मुभा तेवढी दुसऱ्याला देण्याजोगी ठेवली आहे, म्हणजे नाटकाचे तिकीट मित्राला देता यावे याची काळजी राणीच्या राज्यातील कायदेपंडितांनी वाहिली. आणि ६४ वे कलम म्हणते की मोबदला देऊन मिळवलेली मुभा, भोगून पुरी होण्याआधी, स्वतःचा काही दोष नसताना ज्याची हिरावली जाईल त्याने देणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागावी.

हे कलम वाचताना ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाची आठवण होते. यूबीसॉफ्टने तो २०१४ साली पूर्ण किमतीला विकला, एकट्याने खेळायचा भागही कंपनीच्या सर्व्हरवाचून चालणार नाही अशी त्याची रचना केली, आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केले. त्यानंतर खरेदीदारांच्या खात्यांतून त्याची लायसन्सेही काढून घेतली गेली. सर्व्हर चालवायला पैसा लागतो आणि कोणतीही पेढी तो अनंतकाळ चालवणार नाही, हे मान्य आहे. म्हणूनच या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या चळवळीची मागणी सर्व्हर चालू ठेवण्याची नाहीच; बंद करताना खेळ चालण्याजोग्या अवस्थेत सोडून जावा, एवढीच आहे, आणि त्या मागणीच्या युरोपीय अर्जावर १२ लाखांहून अधिक वैध स्वाक्षऱ्या झाल्या. यूबीसॉफ्टने दुसऱ्या ‘क्रू’साठी इंटरनेटवाचून खेळण्याची सोय जाहीर केली, पहिला खेळ ज्यांनी घेतला होता त्यांना तो परत मिळाला नाही.