झिजायचं कोणी?

प्रेशर वॉशरच्या पंपाचं डोकं उघडलं की आत रुपयाच्या नाण्याएवढ्या काळ्या रबरी कड्या दिसतात. मिस्त्री त्यांना नुसतं सील म्हणतो. पिस्टन मिनिटाला शेकडो वेळा या सीलमधून आत-बाहेर करतो. एका अंगाला शंभर बार दाबाचं पाणी, दुसऱ्या अंगाला क्रँकचं ऑइल, आणि या दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच सीलचं काम. शंभर बार म्हणजे साधारण एक किलोमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब, तोही थांबत-सुटत, धक्क्याधक्क्याने. सील झिजतं. झिजणारच, कारण पिस्टनने झिजू नये म्हणूनच ते तिथे बसवलेलं असतं. कठीण धातूची झीज रबराने अंगावर घ्यायची, अशी ती वाटणी आहे. चिखलात लोळून आलेली डर्ट बाइक धुवायला टिकाऊ प्रेशर वॉशर कोणता घ्यावा, या बाजारातल्या प्रश्नाचं उत्तर याच सीलपाशी सुरू होतं. माझं म्हणणं असं, की टिकणं म्हणजे नेमकं काय, या फार जुन्या प्रश्नाचं उत्तरही त्याच्या जवळपासच आहे. जी कधी झिजतच नाही अशी वस्तू कोणी अजून बनवलेली नाही. टिकाऊ म्हणायची ती वस्तू, जिच्यात झीज कोणाच्या वाट्याला जावी हे आधी ठरलेलं असतं आणि ज्याच्या वाट्याला गेली तो भाग बदलता येतो.

बाजारात ढोबळमानाने दोन जातींची यंत्रं मिळतात. एक घरगुती: हाताने उचलता येईल असं, वर रंगीत प्लास्टिकचं कवच, खोक्यावर मोठ्या अक्षरात बारचा आकडा. यातल्या स्वस्त नगांत कार्बन ब्रशची, फार वेगाने फिरणारी मोटर असते. तिचा आवाज मिक्सरची आठवण करून देतो आणि नातंही त्याच घराण्यातलं आहे. पंप बहुधा मोटरलाच जोडलेला, डोकं हलक्या धातूचं किंवा प्लास्टिकचं, आणि आतलं सील सुटं मिळेलच याची खात्री नाही. थोडे जास्त पैसे मोजले की इंडक्शन मोटर मिळते. तिला ब्रशच नसतात, ती संथ फिरते, वजनाने जड असते आणि त्या वजनाचा मोबदला देते. दुसरी जात म्हणजे आपल्याकडच्या वॉशिंग सेंटरवर पट्ट्यावर चालणारा एचटीपी पंप. हाच पंप निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत आणि सांगोल्याच्या डाळिंबात औषध फवारतो. तीन पिस्टन, बिडाचं धूड, ऑइल बदलायला खाली बोल्ट, वेग मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास. दाब वीस ते चाळीस किलो, म्हणजे जवळपास तेवढेच बार, घरगुती यंत्राच्या निम्म्याहूनही कमी. पण पाणी मिनिटाला पंधरा-वीस लिटर. दिसायला अगदीच गबाळा. तरी तो वर्षानुवर्षं चालतो, कारण त्याचं सील किट तालुक्याच्या कोणत्याही शेती-अवजारांच्या दुकानात खिळ्यावर टांगलेलं असतं आणि ते बसवणारा माणूस शेजारच्याच गाळ्यात असतो. यावरून एक निष्कर्ष काढावा लागतो, आणि तो यंत्र विकणाऱ्यांना रुचणारा नाही: टिकाऊपणा यंत्रात असतो त्याहून जास्त गावात असतो. उत्तम पितळी डोक्याचा परदेशी पंपसुद्धा ज्या गावात त्याचं सील मिळत नाही तिथे कचकड्याचाच.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो चांगला तगडा आहे. सील बदललं, मग व्हॉल्व्ह बदलले, पुढे पाइप, गन, नोझल आणि एक दिवस पिस्टनही बदलले, तर टिकलं काय? राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक मिनँडर, रथातून आला तेव्हा भिक्षू नागसेनाने त्याला हेच विचारलं होतं. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडी? प्रत्येकाला राजा नाही म्हणत गेला, आणि शेवटी रथ हे जुळणीला दिलेलं नाव उरलं. न्यायदर्शनाच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा अवयवी खरोखरच असतो. पण त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली: वस्त्राचा तुकडा फाटून निघाला की जुनं वस्त्र संपलं आणि उरलेलं हे दुसरंच वस्त्र जन्माला आलं, असं त्यांना म्हणावं लागतं. या हिशेबाने सील बदलणारा मिस्त्री दरवेळी जुना पंप मारून नवा जन्माला घालतो. तर्क बिनचूक आहे, फक्त वॉरंटी कार्ड लिहिणाऱ्याची पंचाईत होते.

मला या वादात जैन आचार्य उमास्वातींची बाजू जवळची वाटते. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात ते असण्याचं लक्षणच असं करतात, की त्यात उपजणं, लोपणं आणि टिकून राहणं ही तिन्ही एकत्र हवीत. त्याच परंपरेतल्या समंतभद्रांनी पुढे त्याला सोन्याचा दाखला दिला: घट मोडून मुकुट केला, तर घट हवा असणारा रडतो, मुकुट हवा असणारा हसतो, आणि ज्याला सोनंच हवं होतं तो तटस्थ राहतो. म्हणजे काय टिकलं हे ठरवताना आपण काय धरून बसलो होतो, हे आधी सांगावं लागतं. पुरीच्या जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती नवकलेवरात पूर्ण बदलतात. 1996 साली बदलल्या, पुन्हा 2015 साली. तिथे जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत ब्रह्मपदार्थ नेला जातो, म्हणून देव तोच राहतो. पंपात असा ब्रह्मपदार्थ कुठला, असं कोणी खोचकपणे विचारेल. आहे, पण तो पंपाच्या आत नाही. 22 मिलिमीटरच्या पिस्टनला 22 मिलिमीटरचंच सील बसेल, हा कारखानदार, दुकानदार आणि मिस्त्री यांच्यातला न लिहिलेला करार तो. कंपनीने पुढच्या वर्षी माप बदललं, किंवा पाइपाची जोडणी दुसऱ्या कोणाची बसूच नये अशी केली, की करार मोडला. यंत्र धडधाकट असूनही त्या दिवशी ते नश्वर झालं.

आतापर्यंत आपण धुणाऱ्याचा विचार केला. धुतलं जाणारं काय म्हणतं? डर्ट बाइक हा आता आपल्याकडे निव्वळ परदेशी षोक राहिलेला नाही. 2024च्या जानेवारीत पुण्यात सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, आणि साध्या रस्त्यावर चालणाऱ्या पण कच्च्या वाटेसाठी बनवलेल्या गाड्या तर तालुक्या-तालुक्यात दिसतात. या गाडीच्या चाकांत, स्विंगआर्मच्या सांध्यात, हँडलच्या मानेत बेअरिंगं असतात. प्रत्येक बेअरिंगला ग्रीस, आणि ग्रीस राखायला पुन्हा रबरी सीलच. ते सील पावसाचं, ओढ्याचं, उडालेल्या चिखलाचं पाणी अडवायला केलेलं असतं. वीतभर अंतरावरून, नेमकं त्याच्या ओठावर धरलेली शंभर बारची धार अडवायला केलेलं नसतं. धार ओठ उलटवते, ग्रीसमध्ये पाणी शिरतं, वरून गाडी लख्ख दिसते आणि आत गंज धरतो. रेडिएटरच्या पातळ पाकळ्या आडव्या होतात, साखळीच्या कड्यांतलं वंगण निघून जातं, एअर फिल्टरच्या डब्यात पाणी जातं. म्हणजे वॉशर दहा वर्षं टिकला आणि त्याने गाडीची बेअरिंगं दर मोसमात खाल्ली, तर झीज टळली असं म्हणता येत नाही. आपल्या यंत्राची झीज दुसऱ्याच्या अंगावर ढकलली, एवढंच झालं. म्हणून खोक्यावरचा बारचा आकडा जेवढा मोठा तेवढं यंत्र चांगलं, ही समजूत मी चुकीची मानतो. देशावरची काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की दगड होते; ती सुटते ती भिजत ठेवल्याने आणि भरपूर पाण्याने. दाब चिखल उचकटतो, पण वाहून नेतं ते पाणी. पसरट फवाऱ्याचं नोझल, दीड-दोन हातांचं अंतर, आणि बेअरिंगच्या बाजूने येताना धार तिरकी: या तीन गोष्टी पाळल्या तर एचटीपीचा तीस किलोचा दाबही पुरतो.

धुण्याने धुतलं जाणारं झिजतं, हा पेच धर्माने गॅरेजच्या कितीतरी आधी अनुभवला आहे. पंढरपूरच्या विठ्ठलाचे पाय अभिषेकाने आणि पदस्पर्शाने झिजले. शत्रूने नाही, भक्तांनी झिजवले. त्या मूर्तीवर वेळोवेळी वज्रलेप करावा लागला, 2020 सालीही झाला. उज्जैनच्या महाकालाच्या लिंगाची झीज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 2017 साली एका भक्ताने अर्धा लिटरच शुद्ध केलेलं पाणी वाहावं, इतकी बारीक मर्यादा घालावी लागली. कोल्हापुरात अंबाबाईच्या मूळ मूर्तीवरचा अभिषेक थांबवून तो उत्सवमूर्तीवर होतो. या शेवटच्या तोडग्याकडे नीट पाहावं. उत्सवमूर्ती धातूची, ती पुन्हा घडवता येते. दूध, दही, पाणी आणि हातांची झीज ती सोसते आणि गाभाऱ्यातला मूळ पाषाण राहतो. पंपातल्या सीलचं काम याहून वेगळं नाही. ही तुलना काहींना खटकेल, देवाला रबराच्या पंक्तीला बसवलं असं वाटेल. पण आगमांनी मूलमूर्ती आणि उत्सवमूर्ती असा भेद केला तेव्हा मिरवणूक, स्नान, हाताळणी ही सगळी कामं जाणूनबुजून दुसरीकडे सोपवली. त्यात व्यवहाराची जी समज आहे तिला यंत्राची म्हणून कमी लेखायचं कारण नाही. उलट असं म्हणता येईल, की ज्यांना मूळ वस्तू अमोल वाटत होती त्यांनाच झिजण्यासाठी वेगळं काहीतरी नेमण्याची गरज कळली.

दुसरा आक्षेप विरक्तीच्या बाजूने येतो. सगळंच अनित्य आहे, मग पाण्याच्या पंपाच्या आयुष्याची एवढी काळजी हा मोहच नाही का? हा आक्षेप घेणाऱ्यांना विनयपिटकातली, बुद्धाचा शिष्य आनंद याची कथा आठवत नसावी. कौशांबीला राजा उदयनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दिली. राजाला वाटलं, भिक्षू कापडाचा व्यापार मांडतोय की काय! त्याने विचारलं, एवढ्या वस्त्रांचं कराल काय? ज्यांची चीवरं फाटली आहेत त्यांना वाटू. फाटलेल्या चीवरांचं? पांघरूण करू. जुन्या पांघरुणांचं? गादीचे अभ्रे. त्यांची पुढे जमिनीवरची बैठक, मग पायपुसणं, मग झटकणं, आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवायची. राजाचं इतकं समाधान झालं, की त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली. ज्यांनी घरदार सोडलं होतं त्यांच्याकडे वस्तूच्या झिजण्याची एवढी आखीव व्यवस्था होती. अनित्यता पटलेला माणूस वस्तू फेकत सुटत नाही. ती कोणत्या क्रमाने झिजेल हे त्याला आधीच ठाऊक असतं. पहिल्या बिघाडाला यंत्र भंगारात देऊन नवं आणणारा मात्र वस्तू कायम नवीच राहावी असा हट्ट धरून बसलेला असतो. मोह म्हणायचा तर तो त्याचा.

उरला रोख हिशेब. दोन-तीन वर्षं चालणारं स्वस्त यंत्र घ्या, बिघडलं की नवं घ्या, दुरुस्तीची कटकट कशाला, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. महिन्यातून एकदा गाडी धुणाऱ्याला हा सल्ला वाईटही नाही; त्याला बादली, ब्रश आणि बागेचा पाइप पुरेल, हा त्याहून चांगला सल्ला. पण दर रविवारी चिखलात जाणाऱ्याने हिशेब पुरता मांडावा. बहुतेक स्वस्त यंत्रं वयाने मरतच नाहीत. बोअरच्या पाण्यातली वाळू आत जाते, कारण तोंडाची जाळी कोणी साफ केलेली नसते. गन सोडून माणूस शॅम्पू लावायला जातो, मोटर चालूच राहते, तेच पाणी पंपात गरगरत तापतं आणि सील भाजतं. नळ उघडायच्या आधी बटण दाबलं जातं आणि पिस्टन कोरडे घासतात. कधी तर पंप ठणठणीत असतो, फक्त नोझलचं भोक झिजून मोठं झालेलं असतं, त्यामुळे दाब पडतो, आणि शे-दोनशे रुपयांच्या भागापायी अख्खं यंत्र टाकून दिलं जातं. या सवयी नव्या यंत्राबरोबर नव्या होत नाहीत. सरकारने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, ते योग्यच झालं; पण जाळी धुण्याचा हक्क आपल्याला कोणी नाकारलेला नव्हता.

तेव्हा दुकानात गेल्यावर बारचा आकडा शेवटी पाहा. मोटर इंडक्शन आहे का, पंपाचं डोकं धातूचं आहे का, ऑइल बदलायची सोय आहे का, पाइपाची जोडणी बाजारात सर्रास मिळणारी आहे का, हे विचारा. आणि या सगळ्याच्या आधी सील किट मागा. ते दुकानदाराने काढून काउंटरवर ठेवलं, तर मग यंत्राची किंमत विचारायला हरकत नाही.