साधे घर कोणासाठी?

घर साधे असावे, असे आपण सारेच म्हणतो. परंतु साधेपणा म्हणजे काय, आणि तो कोणासाठी, हे आपण क्वचितच विचारतो. हैदराबादेत कुकटपल्लीस राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांच्या दाराशी हा प्रश्न अलीकडे येऊन उभा राहिला आहे. 9 ऑगस्ट 2018 रोजी आयकिया या स्वीडिश कंपनीचे भारतातील पहिले दुकान जवळच हायटेक सिटीत उघडले. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, मोजके सामान अशा स्कँडिनेव्हियन घराची बोलणी आमच्याही बैठकीत सुरू झाली.

ही आवड वाईट नव्हे. तिकडे ती गरजेतून जन्मली. स्टॉकहोमला डिसेंबरात दिवसाचा उजेड जेमतेम 6 तास असतो. म्हणून भिंती पांढऱ्या व खिडक्या मोठ्या. पाइन व बर्च ही झाडे तिथल्याच रानातली. सौंदर्य ही श्रीमंतांची मिरास नव्हे, ते सर्वांसाठी आहे, असा विचार एलेन की या स्वीडिश लेखिकेने 1899 साली मांडला. त्याच वर्षी चित्रकार कार्ल लार्सन यांनी आपल्या सुंदबोर्न गावच्या घराची चित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ते घर त्यांना पत्नी कारिन यांच्या वडिलांकडून मिळाले होते. जुन्या सामानाला रंग देऊन आणि कापड स्वतः विणून कारिनबाईंनी ते सजविले.

आम्ही मात्र उलटे केले. आईचे सागवानी कपाट भंगारवाल्यास दिले, तिची जालन्याहून आलेली लाकडी पेटी गच्चीवरच्या खोलीत टाकली, आणि पांढरी बैठक विकत आणली. पुढच्याच रविवारी शब्बाथशाळेची मुले नेहमीप्रमाणे आली. त्यांचे धुळीचे पाय पाहून आम्ही वर्ग दुसरीकडे हलविण्याची गोष्ट काढली. आई एवढेच म्हणाली, "घर मोठे दिसते खरे, पण बसायला जागा राहिली नाही."

ते वाक्य आम्हांस झोंबले. दिसणारा साधेपणा बाजारात मिळतो, आणि तो जपण्यासाठी माणसांना दूर ठेवावे लागते. वागण्यातला साधेपणा माणसांसाठी जागा करतो. कोणी म्हणेल, जुन्या वस्तूंना कवटाळणे हाही लोभच. खरे आहे. न वापरलेल्या भांड्यांनी भरलेले कपाट म्हणजे काही सद्गुण नव्हे. म्हणूनच कसोटी जुने की नवे ही नाही. मोकळी झालेली जागा कोणाच्या उपयोगी पडते, ही आहे. शिवाय ज्याला निवडच नाही अशा गरिबाच्या रिकाम्या खोलीला साधेपणा म्हणून वाखाणणे ही थट्टा होईल. साधेपणा हा ज्याच्यापाशी आहे त्याने दाखवायचा गुण आहे.

दुसरे राजे, अध्याय 4 यातील शुनेमची बाई अशीच संपन्न होती. तिने अलीशासाठी माडीवर खोली केली. तीत खाट, मेज, आसन आणि दिवा, एवढेच ठेवले. त्या खोलीचा साधेपणा पाहुण्याच्या गरजेवरून ठरला होता.

घर आपल्या मातीचेही असावे. 1945 साली कुष्ठरोग्यांच्या सेवाकार्यासाठी भारतात आलेले क्वेकर वास्तुशिल्पी लॉरी बेकर गांधीजींची एक सूचना आवर्जून सांगत. घरासाठी लागणारे साहित्य पाच मैलांच्या आत मिळावे, अशी ती होती. शहरात ती अक्षरशः पाळता येणार नाही, पण दिशा कळते. हैदराबादच्या वैशाखात पश्चिमेची मोठी काच घराची भट्टी करते. तेथे खसाचा पडदा, तांदूरची फरशी आणि कडुनिंबाची सावली कामी येते. स्वीडनच्या लोकांनी आपल्या थंडीला दिलेले उत्तर आपण उचलण्यापेक्षा आपल्या उन्हाला आपले उत्तर द्यावे.

कपाट गेले ते गेले. पेटी मात्र आम्ही खाली आणली, तिला रंग दिला, आणि आता तिच्यावर चार मुले दाटीवाटीने बसतात. बाकीची फरशीवर चटईवर. वर्ग आमच्याच घरी भरतो. पांढऱ्या बैठकीवर डाग पडले आहेत.

वाचकहो, या सुट्टीत घर आवरताना काय टाकावे याची यादी आपण कराल. त्याआधी कोणाला बोलवावे याची यादी करावी, असे आम्ही सुचवितो. काय ठेवावे ते मग आपोआप कळेल.