चोवीस गुरू : बाण करणारा

काल आपण त्या मुलीच्या हातातल्या कंकणांपाशी थांबलो होतो. भागवताच्या अकराव्या स्कंधातला नववा अध्याय चालू आहे, अवधूत यदुराजाला आपले गुरू सांगतोय. कंकणांनंतर लगेच येतो शरकार, म्हणजे बाण करणारा कारागीर. त्याची गोष्ट एका श्लोकात संपते. कारागीर बाण घडवत बसलाय, अगदी शेजारून राजा जातो, आणि ह्याला पत्ताच नाही. बस, एवढंच. त्याला नाव नाही, गाव नाही. तो बाण पुढे कोणी मारला, कुठे लागला, हेही भागवत सांगत नाही. (महाभारताच्या शांतिपर्वात बोध्यगीता आहे, तिथेही हा शरकार गुरू म्हणून भेटतो.)

ह्या श्लोकावर मी मागे दोनदा लिहिलंय. दोन्ही वेळा "एकाग्र व्हा, मोबाइल बाजूला ठेवा" ह्या थाटाचं. आज ते परत लिहवत नाही. एक तर मधल्या काळात मी धनुर्विद्येच्या क्लबला जायला लागलोय. आणि दुसरं, तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेलीये.

ती आधी सांगतो. गेल्या वर्षी सीए फायनलच्या एका ग्रुपसाठी मी सव्वा लाख जपाचा संकल्प केला होता. बोटात काउंटर, रात्री वहीत आकडा. लोकलमध्येसुद्धा दिव्यापासून कळव्यापर्यंत किती झाले ते बघायचो. संकल्प पूर्ण झाला, परीक्षा दिली, ग्रुप राहिला. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून जप बंद. पाच महिने. आणि त्या पाच महिन्यांत इथे रोज पोस्ट पडत होती, नामस्मरणावरसुद्धा. तुमच्यापैकी काहींनी "धीर आला" असं कळवलं होतं. मी हात जोडल्याचा इमोजी पाठवून मोकळा झालो होतो.

क्लबला मी भक्तीने वगैरे गेलो नाही. मावसबहिणीने ओढून नेलं. तिच्या डोक्यात आदिती स्वामी आणि ओजस देवतळे बसलेले. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला एकाच दिवशी दोघंही कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. आदिती साताऱ्याची, तेव्हा 17 वर्षांची. ओजस नागपूरचा, पण त्याचाही सराव साताऱ्यातच. ओजसने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण मिळवले. पंधरा बाण, पंधराही दहात. हे ऐकून मला वाटलं, चला, आपणही लक्ष्यभेद करू. रविवारी सकाळी डोंबिवलीहून ठाण्याला जायचं, मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत परत यायचं.

पहिल्या रविवारी धनुष्यच दिलं नाही. रबराचा पट्टा दिला, तो ताणायचा. दुसऱ्या रविवारी हलकं धनुष्य मिळालं, पण समोरच्या बटवर कागदच नव्हता. पाच मीटरवर नुसता कोरा फोम. मी सरांना विचारलं, "टार्गेट कधी लावणार?" सर म्हणाले, "आत्ता लावलं तर तू त्याच्याकडे बघशील." मला वाटलं सर गंमत करतायत. धनुर्विद्येत टार्गेटकडे बघायचं नाही तर कुठे बघायचं?

लहानपणापासून आपण ऐकलेलं असतं ना, अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसत होता. आदिपर्व उघडून बघा. तो झाडावर ठेवलेला खोटा पक्षी आहे, भास जातीचा, आणि अर्जुन म्हणतो की मला त्याचं डोकं दिसतंय, अंग दिसत नाही. डोळा आपण नंतर घातला. करिअरच्या भाषणांना तो बरा पडतो. पण त्याच अर्जुनाच्या हातून गीतेच्या पहिल्या अध्यायात गांडीव सुटू लागतं, तेव्हा लक्ष्य अगदी समोर उभं असतं. नेमबाजी कुठेही गेलेली नसते. गेलेला असतो तो स्वतः.

आमच्या क्लबात नवखे आणि मुरलेले एकाच रेषेवर उभे असतात. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की मारायचं, तीन झाल्या की बाण काढायला जायचं. त्याआधी कोणीही पाऊल पुढे टाकायचं नाही, मग तो कितीही जुना असो. माझ्या शेजारी कल्याणचे एक काका असतात. बरीच वर्षं खेळलेले, सत्तर मीटरवाले. ते पाच मीटरवर, माझ्यासारख्या कोऱ्या बटसमोर का, हे मला कळेना. शेवटी त्यांनीच सांगितलं. ह्याला टार्गेट पॅनिक म्हणतात. नेम पिवळ्या वर्तुळाजवळ आला की बोटं आपोआप सुटतात, किंवा हात पिवळ्यापर्यंत पोहोचतच नाही, आधीच गोठतो. "दहा हवेच आहेत असं इतकी वर्षं मनाला बजावलं की हात घाबरतो रे," म्हणाले. उपाय एकच, कागद काढून टाकायचा आणि जवळून, नुसती दोरी, खांदा आणि श्वास ह्यांच्याकडे लक्ष देत मारत राहायचं. किती दिवस? ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मागच्या रविवारचं सांगतो. बाण काढून झाले होते. पलीकडच्या लेनमध्ये एका मुलीचे सगळे बाण पिवळ्यात गेले होते, टाळ्या वाजल्या, सगळे तिकडे धावले, मीही. वळून बघतो तर काका पायरीवर बसलेले. एकेक बाण हातात घ्यायचे, दोन्ही टोकांना धरून हलकासा वाकवायचे, कानाजवळ नेऊन ऐकायचे, थोडा फिरवून पुन्हा. कार्बनच्या बाणाला तडा गेला असेल तर बारीक करकर ऐकू येते. असा बाण दोरीला लावून सोडला तर तो सुटतानाच फुटू शकतो आणि त्याचे तुकडे हातात घुसतात. म्हणून प्रत्येक बाण तपासायचा, प्रत्येक वेळी.

मी जाऊन म्हटलं, "काका, तुम्हाला टाळ्या ऐकूच आल्या नाहीत ना?" मला श्लोक जिवंत भेटल्याचा आनंद झाला होता, पोस्टसुद्धा मनात तयार झाली होती. काका हसले. "आल्या की! मी काय ऋषी आहे? पण हातात बाण होता." आणि एक बाण बाजूला काढून मला दिला. "हा बाद. ऐक."

ऐकला. खरंच करकरत होता.

परतीच्या गाडीत तो बाद बाण पिशवीत होता आणि डोक्यात मुंडकोपनिषद. त्याच्या दुसऱ्या मुंडकात धनुष्यबाणाचं प्रसिद्ध रूपक आहे, तुम्हाला माहीत असेल: ओंकार हे धनुष्य, ब्रह्म हे लक्ष्य. मधला शब्द मी कित्येकदा वाचून पुढे गेलो होतो. बाण कोण? जप नाही. बाण म्हणजे आत्मा, बाण म्हणजे मी. आणि त्याच्या आदल्याच मंत्रात म्हटलंय की तो बाण उपासनेनं धार लावलेला हवा.

मुंब्र्याच्या डोंगराकडे बघत मी मनात हिशेब मांडत होतो. (सीएवाल्याची सवय.) मी नामाचा बाण केला होता, सव्वा लाखांचा, आणि समोर निकालाचा कागद लावला होता. तो लागला नाही म्हणून धनुष्य फेकून दिलं. मला स्वतःला कोणी वाकवून, कानाशी धरून ऐकलंच नव्हतं. ऐकलं असतं तर ते निकालाच्या कितीतरी आधी कळलं असतं. जप करताना मी देवाचं नाव घेत होतो, की काउंटरचा आकडा बघत होतो, हे त्या दिव्या-कळव्याच्या प्रवासातच दिसत होतं की! पाच महिने मी देवावर रुसलोय असं समजत होतो. खरं तर मी आकड्यावर रुसलो होतो.

आणि मग शरकार वेगळा दिसायला लागला. राजा दिसला नाही हे त्याचं मोठेपण मला आता तेवढं वाटत नाही. अवधूतानं गुरू म्हणून निवडला तो नेमबाज नाही, बाण सरळ करणारा आहे. त्याच्यासमोर लक्ष्यच नाही. नाथमहाराजांनी अकराव्या स्कंधावरची आपली टीका काशीत शके 1495 मध्ये पूर्ण केली, तेव्हापासून मराठी घराघरांत हा अनामिक कारागीर वाचला जातोय. आमच्या देव्हाऱ्याखालच्या पोथीतही तो होताच, मी तिच्यासमोर बसून आकडे लिहीत होतो.

घरी आलो, हातपाय धुतले, बसलो. काउंटर ड्रॉवरमध्येच राहू दिला. मन भटकलं, परत आलं, परत भटकलं. परीक्षेचा फॉर्म, ऑफिसमधलं भांडण, काकांची बोटं, सगळं येऊन गेलं. किती जप झाला माहीत नाही. आईने चहाला हाक मारली तेव्हा उठलो. ती काही बोलली नाही, पण पाच महिन्यांनी आसन पसरलेलं तिने बघितलं होतं, कारण चहाबरोबर न मागता खारी आली.

फॉर्म भरलाय. ह्या वेळी संकल्प केलेला नाही. काकांचं टार्गेट अजून कोरंच आहे, माझंही. ज्यांनी तेव्हा "धीर आला" असं लिहिलं होतं, त्यांची उशिरा का होईना, माफी मागतो.

उद्या साप, स्वतःचं घर न बांधणारा.

श्री गुरुदेव दत्त.