परत केलेलं प्रजासत्ताक

रोमचं प्रजासत्ताक नेमकं कधी संपलं? शाळेच्या पुस्तकात इ.स.पू. 27 असं उत्तर असतं. पण इतर उत्तरंही आहेत आणि तीही चूक नाहीत. इ.स.पू. 49, कारण त्या वर्षी ज्युलियस सीझर सैन्यासह रुबिकॉन ओलांडून इटलीत शिरला. इ.स.पू. 44, कारण तो आजीवन डिक्टेटर झाला. इ.स.पू. 42, कारण फिलिपीच्या लढाईत ब्रूटस आणि कॅसियस संपले. इ.स.पू. 31, कारण ॲक्टियमच्या समुद्रात अँटनी हरला आणि ऑक्टेव्हियनला प्रतिस्पर्धीच उरला नाही.

जवळजवळ पाचशे वर्षं चाललेली राज्यव्यवस्था मेली आणि तिच्या मृत्यूची तारीख सापडत नाही, हे विचित्र आहे. कारण साधं आहे: ती मेल्याचं कुणी जाहीरच केलं नाही. पुढेही दरवर्षी कॉन्सल होत राहिले, सिनेट भरत राहिली, ट्रिब्यून निवडले जात राहिले. उलट इ.स.पू. 28 मध्ये ऑक्टेव्हियनच्या नावाने एक सोन्याचं नाणं निघालं, त्यावरचा मजकूर सांगतो की त्याने रोमन जनतेचे कायदे आणि हक्क तिला परत मिळवून दिले. ज्या काळात ते गेले, नेमक्या त्याच काळातलं हे नाणं.

मग 27 सालचा जानेवारी. तेरा तारखेला ऑक्टेव्हियन सिनेटमध्ये उभा राहिला आणि म्हणाला की मी सगळे अधिकार सोडतोय, सैन्य, प्रांत, कायदे, सगळं तुमचं तुम्ही घ्या. सिनेटर विनवण्या करू लागले की नको, आम्हाला सोडून जाऊ नका. बराच आग्रह झाल्यावर तो ‘नाइलाजाने’ तयार झाला: फक्त थोडे प्रांत, तेही दहाच वर्षं. हे थोडे प्रांत म्हणजे स्पेन, गॉल, सीरिया. म्हणजे जिथे बहुतेक सगळं सैन्य होतं तेच. सोळा तारखेला त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी मिळाली.

डिओ नावाचा इतिहासकार या सभेबद्दल फार बारकाईने लिहितो. काहींना आधीपासून माहीत होतं की हे नाटक आहे. काहींना संशय होता. काहींना खरंच वाटलं. पण ज्यांना खरं वाटलं त्यांनाही मोकळेपणाने बोलता येईना आणि ज्यांना खोटं वाटलं त्यांनाही, म्हणून सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट केली: विनवणी. आणि अधिकार सोडायला निघालेल्या या माणसाने त्यानंतर सगळ्यात आधी कोणता ठराव करून घेतला, तर स्वतःच्या अंगरक्षकांना इतर सैनिकांच्या दुप्पट पगार देण्याचा.

आज हे वाचताना त्या सिनेटरांचा राग येतो. समोर स्वातंत्र्य ठेवलं होतं, खोटं का होईना, आणि एकानेही ‘ठीक आहे, द्या’ म्हणून ते उचललं नाही. पण रागावण्याआधी त्या बाकांवर कोण बसलं होतं ते बघायला हवं.

सोळा वर्षांपूर्वी, इ.स.पू. 43 च्या अखेरीस, अँटनी, लेपिडस आणि ऑक्टेव्हियन या तिघांनी मिळून मारायच्या माणसांच्या याद्या केल्या होत्या. ऑक्टेव्हियन तेव्हा वीस वर्षांचा होता. याद्या चौकात लावल्या गेल्या. मुंडकं आणून देणाऱ्या स्वतंत्र माणसाला पंचवीस हजार दिनार. गुलामाने आणलं तर दहा हजार आणि वर गुलामीतून सुटका. ॲपियन म्हणतो सुमारे तीनशे सिनेटर आणि दोन हजार सरदार यात होते. तिघांनी एकमेकांशी सौदे केले. लेपिडसने स्वतःचा भाऊ यादीत घालू दिला, अँटनीने मामा. ऑक्टेव्हियनच्या वाट्याला सिसेरो आला. याच म्हाताऱ्याने त्या पोराला हात देऊन राजकारणात वर आणलं होतं. प्लुटार्क लिहितो की दोन दिवस ऑक्टेव्हियन सिसेरोसाठी भांडला आणि तिसऱ्या दिवशी त्याने नाव सोडून दिलं. सात डिसेंबरला सिसेरो मारला गेला. त्याचं डोकं आणि हात, ज्यांनी त्याने अँटनीविरुद्ध लिहिलं होतं, ते फोरममध्ये ज्या व्यासपीठावरून तो बोलायचा तिथेच लावले.

त्यानंतरही युद्धं थांबली नाहीत. सैनिकांना जमिनी द्यायच्या म्हणून इटलीतल्या अठरा गावांच्या जमिनी नेमून दिल्या गेल्या, आणि ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं ते शेतकरी घराबाहेर पडले. 27 साली त्या सभागृहात बसलेला माणूस हे सगळं पाहून वाचलेला होता. त्याने शांतता मागितली तर त्याला भ्याड म्हणायची माझी तयारी नाही. वीस वर्षं घराचं दार वाजलं की छातीत धस्स होणाऱ्या माणसाला ‘तत्त्वासाठी आणखी एक युद्ध कर’ असं दोन हजार वर्षांनंतर सोफ्यावर बसून सांगणं फारच स्वस्त आहे.

शिवाय जे गेलं ते किती जणांचं होतं, हाही प्रश्न आहेच. प्रजासत्ताकातलं पहिलं मोठं राजकीय रक्त कुठल्या हुकूमशहाने सांडलं नव्हतं. इ.स.पू. 133 मध्ये टायबेरियस ग्राकस नावाच्या ट्रिब्यूनने सरकारी जमीन भूमिहीनांना वाटायचा कायदा केला, पुन्हा निवडणुकीला उभा राहिला, आणि सिनेटरांनीच बाकड्यांचे तुटके पाय आणि दांडकी घेऊन त्याला ठेचून मारलं. सोबत तीनशे माणसं मेली. प्रेतं टायबर नदीत फेकली. हे करणारे स्वतःला प्रजासत्ताकाचे रक्षक समजत होते! इ.स.पू. 88 मध्ये सुल्ला सैन्य घेऊन रोमवरच चालून आला, त्याचंही म्हणणं तेच होतं की मी शहराला जुलमातून सोडवायला आलोय. प्रांतांमधल्या लोकांना तर हे प्रजासत्ताक म्हणजे दरवर्षी नवा लुटारू सुभेदार असंच दिसत असणार. टॅसिटस, ज्याला सम्राटांबद्दल काडीचं प्रेम नव्हतं, तोही मान्य करतो की नव्या व्यवस्थेला प्रांतांचा विरोध नव्हता. सिनेट आणि जनता यांच्या राज्यातली बड्यांची भांडणं आणि अधिकाऱ्यांची हाव यांना ते विटले होते. गुलामांना आणि बायकांना मत आधीही नव्हतं.

तरी सगळंच पोकळ होतं असं म्हणता येत नाही. इ.स.पू. 139 पासून रोमचा साधा नागरिक निवडणुकीत गुप्त मतदान करत होता. एकटा ट्रिब्यून ‘मना आहे’ म्हणून सिनेटचा ठराव अडवू शकत होता. सिसिलीची लूट करणारा सुभेदार व्हेरेस इ.स.पू. 70 मध्ये कोर्टात उभा राहिला आणि निकालाआधीच त्याला पळून जावं लागलं. हे फार नव्हतं, पण खरं होतं.

बरं, सामान्य लोकांनी तरी ते धरून ठेवलं का? इ.स.पू. 22 मध्ये पूर आला, रोगराई झाली, धान्य संपलं. लोकांनी सिनेटरांना सभागृहात कोंडलं आणि धमकी दिली की ऑगस्टसला डिक्टेटर करा, नाहीतर इमारतीसकट जाळून टाकू. ऑगस्टसने काय केलं? स्वतःचे कपडे फाडून नकार दिला. धान्यपुरवठ्याचं काम मात्र घेतलं. नावाची त्याला गरजच नव्हती.

माझ्या मते खरा नैतिक पेच इथे आहे. माणसांनी शांततेच्या बदल्यात सत्ता देऊन टाकली, हे मी समजू शकतो. पण ती दिल्याची नोंदच झाली नाही. उलट कागदावर लिहिलं गेलं की ती परत मिळाली.

ऑगस्टसच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. सीझरने हे लपवलं नव्हतं. तो उघडपणे आजीवन डिक्टेटर झाला, आणि महिन्याभरात, 15 मार्चला, त्याच्या अंगावर तेवीस वार झाले. त्यातून आणखी तेरा वर्षांची युद्धं निघाली. ऑगस्टस खोटं बोलला आणि पंचाहत्तराव्या वर्षी अंथरुणात मेला. मधली चाळीस वर्षं रोमच्या रस्त्यांवर यादवी नव्हती. खरेपणाने माणसं मेली आणि खोटेपणाने वाचली. शिवाय या खोट्याने त्यालाही थोडं बांधून ठेवलं: राजा नाही असं दाखवायचं म्हटल्यावर सिनेटरांना नावाने हाक मारावी लागते, साध्या घरात राहावं लागतं. सुएटोनियस सांगतो की शेवटच्या दिवशी त्याने आरसा मागवला, केस विंचरून घेतले आणि मित्रांना विचारलं की माझी भूमिका नीट वठली ना. म्हणजे त्याला माहीत होतं.

मग बिघडलं कुठे?

एक तर असं की जे पद कायद्यात अस्तित्वातच नाही, त्याचा वारसही कायद्याने ठरवता येत नाही. सम्राट हा अधिकृतपणे फक्त ‘पहिला नागरिक’. पहिल्या नागरिकानंतर कोण, याचं उत्तर कुठल्याही ठरावात नव्हतं. ते उत्तर तलवारीकडे होतं. इ.स. 69 मध्ये गाल्बा, ओथो, व्हिटेलियस आणि व्हेस्पेशियन असे एका वर्षात चार सम्राट झाले आणि रोमन सैन्यं पुन्हा एकमेकांवर तुटून पडली. ज्या यादवीच्या भीतीने सगळं स्वीकारलं होतं, ती फक्त पुढे ढकलली गेली होती.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. 27 साली विनवण्या करणाऱ्यांनी आपलं स्वातंत्र्य दिलं, ते त्यांचं होतं. नातवंडांचं त्यांनी कसं दिलं? कदाचित त्यालाही इलाज नव्हता. प्रत्येक पिढी पुढच्या पिढीच्या वतीने सह्या करतच असते. पण निदान नातवंडांना सांगायला हवं होतं की हे आपलं होतं आणि आपण ते अमुक किमतीला विकलं. विकलेली वस्तू कधीतरी परत मागता येते. घरातच आहे असं समजतो ती शोधायला कुणी निघत नाही. ऑगस्टस मेला त्या वर्षी, इ.स. 14 मध्ये, मॅजिस्ट्रेटांच्या निवडणुका जनतेकडून काढून सिनेटकडे दिल्या. टॅसिटसच्या मते लोकांनी थोडी कुरकुर केली, बस. सिनेटर तर खूश झाले, कारण आता मतांसाठी पैसे वाटायला आणि हात जोडायला नकोत.

आणि मग इ.स. 41 चा जानेवारी. चोवीस तारखेला कॅलिगुलाला त्याच्याच रक्षकांनी मारलं. गादीवर कुणी नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सिनेट खरोखर मोकळी होती. ती कॅपिटॉलवर जमली, आणि रात्री परवलीचा शब्द विचारला गेला तेव्हा कॉन्सलांनी दिला: ‘स्वातंत्र्य’. सेंटियस सॅटर्निनस हा कॉन्सल उठला आणि स्वातंत्र्यावर लांबलचक भाषण करू लागला. आपल्यातल्या कुणालाच ते आठवत नाही, त्याची चव आपण घेतलेली नाही, जुलमी राजाला आपण भित्रेपणाने सहन केलं, असं बरंच काही. जोसेफस सांगतो की भाषण झाल्यावर ट्रेबेलियस मॅक्सिमस नावाचा सिनेटर उडी मारून पुढे आला आणि त्याने वक्त्याच्या बोटातली अंगठी ओढून काढली. अंगठीच्या खड्यावर कॅलिगुलाचा चेहरा कोरलेला होता. सेंटियसला ती काढायचं सुचलंच नव्हतं.

खडा तिथल्या तिथे फोडला गेला. दरम्यान रक्षकांना राजवाड्यात क्लॉडियस सापडला होता आणि ते त्याला छावणीत घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी सिनेटच्या बाजूचे सैनिकही ओरडू लागले की आम्हाला एकच राजा हवा, आणि सिनेटर एकेक करून क्लॉडियसला भेटायला निघाले.