स्वहस्ते दुरुस्ती

‘दुरुस्त’ हा शब्द मराठीने फारसीतून घेतला. त्याचा मूळ अर्थ बरोबर, योग्य, यथार्थ असा आहे. मोडलेली वस्तू दुरुस्त करणे म्हणजे ती पुन्हा चालती करणे, एवढाच अर्थ आज आपण घेतो. परंतु जे बिघडले ते योग्य स्थितीला आणणे ही नैतिक छटा त्या शब्दात अद्याप शिल्लक आहे. मध्यमवर्गीय गृहस्थ आपली जुनी मोटार स्वतःच दुरुस्त करू लागतो, तेव्हा त्याला विचारले तर तो साधे उत्तर देतो : चार पैसे वाचतात. हे उत्तर खोटे नाही. पण वाचलेला प्रत्येक पैसा कोठून तरी वाचलेला असतो. तो कोठून वाचला आणि कोणाच्या वाट्याचा होता, हा प्रश्न केवळ घरखर्चाच्या वहीचा राहत नाही.

प्रथम बचतीचे स्वरूप पाहू. गॅरेजच्या बिलात सुटे भाग आणि मजुरी असे दोन रकाने असतात. सुट्या भागांची किंमत दोघांनाही द्यावीच लागते. वाचते ती मजुरी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी किंवा उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर यांसारख्या गाड्यांची रचनाच अशी होती की, झाकण उचलले की बहुतेक सारे डोळ्यांना दिसे. इंजिनचे तेल बदलणे, हवेची जाळी झटकणे, स्पार्क प्लग घासणे, कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ करणे, पंख्याच्या पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून पाहणे, ही कामे पाने, पकड, स्क्रूड्रायव्हर आणि थोडा धीर यांवर होत असत. दिल्लीचे काश्मिरी गेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट या बाजारांत जुन्या गाड्यांचे भाग हुडकणारे लोक वर्षानुवर्षे फिरत आले ते याच विश्वासावर.

यावर अर्थशास्त्राचा आक्षेप जुना आहे. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण दिले. दहा माणसे काम वाटून घेऊन दिवसाला अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक टाचण्या करतात. तीच माणसे एकेकटी बसली तर प्रत्येकी वीसही होणार नाहीत. मग वकिलाने वकिली करावी, कारकुनाने कारकुनी करावी आणि मोटार मिस्त्रीकडे द्यावी, यातच सर्वांचे हित नाही काय? हा युक्तिवाद भक्कम आहे, पण तो एक गोष्ट गृहीत धरतो : माणसाचा प्रत्येक तास विकाऊ आहे. पगारदार माणसाच्या रविवार सकाळला बाजारात गिऱ्हाईक नसते. शिवाय आपण मिस्त्रीकडून नुसते श्रम विकत घेत नाही, त्याचे निदानही विकत घेतो. क्लच प्लेट खरोखर संपली आहे की नुसती तार ताणायची आहे, हे ज्याला मुळीच ठाऊक नाही, त्याला विश्वास ठेवावा लागतो किंवा संशय घ्यावा लागतो. आणि दोन्ही आंधळे असतात. अज्ञानी गिऱ्हाईक प्रामाणिक कारागिरावरही संशय घेते, हा अज्ञानाचा कमी बोलला जाणारा दोष आहे. थोडे स्वतः करून पाहणाऱ्याला प्रामाणिक माणूस ओळखता येतो. पैशाच्या बचतीपेक्षा हा लाभ मला मोठा वाटतो.

गांधीजींनी आत्मकथेत दक्षिण आफ्रिकेतील एक हकिकत सांगितली आहे. धोब्याचे बिल जड जाऊ लागले आणि तो वेळेवरही येईना, म्हणून त्यांनी धुलाईचे पुस्तक आणून स्वतः कपडे धुण्यास आरंभ केला. पहिल्या कॉलरला खळ इतकी झाली की ती न्यायालयात गळू लागली, आणि सहकारी बॅरिस्टर हसले. त्या प्रयोगाचा आरंभ कोणत्याही तत्त्वातून झाला नव्हता, तो बिलातून झाला होता. स्वावलंबनाची गोडी नंतर आली. नैतिक जीवनातील पुष्कळ चांगल्या गोष्टी अशा हिशोबाच्या दारातून आत येतात; त्याबद्दल त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि काटकसर आणि कृपणता यांत भेद करावाच लागतो. काटकसरी माणूस वस्तूचे आयुष्य वाढवतो. कृपण माणूस दुसऱ्याचे देणे घटवतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात, कारण दोघांच्याही खिशात पैसा उरतो. येथे मिस्त्रीचा प्रश्न उभा राहतो. रस्त्याच्या कडेला झाडाखाली पेटी मांडून बसणाऱ्या माणसाचे पोट आपल्यासारख्यांच्या किरकोळ बिघाडांवर चालते. आपण स्वतः प्लग बदलला की त्याचे तेवढे उत्पन्न बुडते, हे गोड शब्दांनी झाकण्यात अर्थ नाही. पण आपण त्याच्यासाठी जन्मभर असमर्थ राहावे, असे कर्तव्यही कोणी सांगू शकणार नाही. मागायचेच तर इतके मागता येईल की, ज्या दिवशी आपल्याला त्याच्याकडे जावे लागेल त्या दिवशी पूर्ण मजुरी द्यावी. गंजलेला नट सोडवताना ज्याची बोटे एकदा सोलली आहेत, त्याला मजुरीवर घासाघीस करणे जड जावे. जड जात नसेल, तर त्याचे हात काळे झाले पण त्याला कळले काहीच नाही, असे म्हणावे लागेल.

आपल्या समाजात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. हाताने करायची कामे येथे शतकानुशतके जन्मावरून वाटली गेली आणि ती करणाऱ्यांना खालचे लेखले गेले. शिकलेल्या माणसाने पाना उचलला म्हणजे तो इतिहास पुसला जातो, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. रविवारी हौसेने गाडीखाली शिरणारा कंटाळला की उठून आंघोळ करतो. गॅरेजातल्या पोऱ्याला ती मुभा नसते. श्रमाचा अनुभव घेणे आणि श्रमाच्या सक्तीत जगणे यांतील अंतर विसरले, तर स्वावलंबनाचाही अहंकार होतो.

आता या सगळ्यांत अधिक कठीण प्रश्न, रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचा. इंजिनचे तेल चुकीचे पडले तर नुकसान मालकाचे होते. ब्रेकच्या नळीत हवा राहिली तर पाय खाली जातो, गाडी थांबत नाही, आणि किंमत रस्ता ओलांडणारे मूल देते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. ठरावीक काळाने ते बदलावे लागते, आणि बदलल्यावर नळीतील हवा पूर्ण काढावी लागते. हे काम ज्याला नक्की येते त्याने ते अवश्य करावे. ज्याला ‘बहुधा येते’ त्याने करू नये. स्वतःच्या जिवावर धाडस करण्याचा अधिकार वादग्रस्त असू शकेल, परंतु दुसऱ्याच्या जिवावर बचत करण्याचा अधिकार कोणालाच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची ठेवून पुढे तपासणीनंतरच नूतनीकरण सांगितले, त्यामागे हीच दृष्टी आहे.

हीच कसोटी काढून टाकलेल्या तेलालाही लागू पडते. गॅरेजात ते पिंपात साठते आणि पुढे विकले जाते. घरी ते अंधार पडल्यावर गटारात ओतले जाण्याचा संभव असतो. तेथे मालकाची बचत होते, पण खर्च नाहीसा होत नाही; तो खालच्या ओढ्याच्या, विहिरीच्या नावावर चढतो. धुराचेही तसेच. जुने इंजिन कितीही निगुतीने राखले तरी ते आपल्या काळाचेच राहते. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-सहा मानकांची स्वच्छता पाना फिरवून त्यात आणता येत नाही. दुसरीकडे, चालती गाडी मोडीत काढून नवी घडवण्यातही लोखंड, कोळसा आणि वीज खर्च होतेच. हा हिशोब गाडी किती चालते आणि कोठे चालते यावर अवलंबून आहे. महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीला आणि दाटीच्या शहरात दिवसभर धावणाऱ्या गाडीला एकच उत्तर देता येणार नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या गेल्या. त्याची हळहळ अनेकांना वाटली. पण त्या शहरात श्वास घेणाऱ्यांची बाजूही तितकीच खरी होती.

‘मिलिंदप्रश्ना’त भिक्षू नागसेन राजाला विचारतो : चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? राजा नकार देत जातो आणि सुट्या भागांत रथ सापडत नाही. गाडी उलगडून बसलेल्या माणसाला हा प्रश्न वाचल्यावाचून भेटतो. भाग जमिनीवर मांडलेले असतात आणि ‘माझी गाडी’ कोठेच नसते. ती असते त्या भागांच्या परस्परसंबंधांत. बचतीचेही असेच आहे. वाचलेली मजुरी ही एक सुटी रक्कम नव्हे. तिच्यात मिस्त्रीचे पोट, तिऱ्हाइताचा जीव आणि वस्तीची हवा गुंतलेली आहे. नव्या गाड्यांची इंजिने संगणकाच्या आज्ञेने चालतात, त्यांचे निदान यंत्रावाचून होत नाही, आणि मालकाला करण्याजोगे काम कमी कमी होत चालले आहे. म्हणून ज्याच्या दारात अजून उघडता येणारी गाडी उभी आहे त्याने ती उघडावी, जेवढे येते तेवढे करावे, आणि संध्याकाळी हिशोब मांडताना मजुरीच्या रकान्याशेजारी हे दुसरे रकानेही आखावेत.