बहुमत आणि न्याय

कायदा बहुमतानें संमत झाला, एवढ्यानेंच तो न्याय्य ठरतो काय? या प्रश्नीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्याचा इतिहास मनन करण्याजोगा आहे. तेथील १७७७ सालच्या घटनेनें मतदाराची मिळकत विचारली होती, वर्ण विचारला नव्हता. १८२१ सालीं नवी घटना तयार झाली. तिनें गोऱ्या पुरुषांवरील जमीनमालकीची अट काढून टाकली; कर भरणें, नागरिक-सेनेंत चाकरी करणें किंवा रस्त्यावर काम करणें पुरेसें मानलें. काळ्या पुरुषांस मात्र कर्ज वजा जातां अडीचशें डॉलरची स्थावर मिळकत आवश्यक ठरविली. ४ जुलै १८२७ रोजीं त्या राज्यांतील गुलामगिरी संपली, तरी ही अट राहिलीच. १८४६, १८६० व १८६९ सालीं ती काढण्याचा प्रस्ताव मतदारांपुढें आला आणि तिन्ही वेळां त्यांनीं तो फेटाळला. अखेर १८७० सालच्या पंधराव्या राष्ट्रीय घटनादुरुस्तीनें ती निष्प्रभ झाली.

कोणी म्हणेल, सुधारणा पायरीपायरीनेंच व्हावयाची. हें आम्हांसही मान्य आहे. परंतु एकाच अटीनें अडविलेल्या दोघांपैकीं एकास मोकळें करून दुसऱ्याची बेडी आवळणें, यास पायरी कसें म्हणावें? बहुमतास राज्य करण्याचा अधिकार आहे खरा. पण मतें मोजण्यापूर्वीं कोणाकोणास मोजावयाचें हें ठरावें लागतें, आणि तें ठरवितात ज्यांस आधींच मत आहे तेच. म्हणून कायद्याची पारख, ज्यांस मत नव्हतें त्यांस तो कसा वागवितो यावरून करावी, असें आम्हांस वाटतें.